यादी जोडण्याची गोष्ट



संगणकावर बोलावे असा मला आग्रह झाला आहे. मोठ्या गोष्टी बाजूला ठेवून एक लहानशी बाब सांगतो, कारण तिने मला एकदा भर कार्यालयात खाली मान घालावयास लावली होती.

शिष्यवृत्तीच्या अर्जदारांची यादी छापावयाची होती. मी जावा भाषेत प्रोग्राम लिहिला: एक ओळ घ्यावी, आधीच्या मजकुराला जोडावी, पुढची घ्यावी. २०० नावांवर तो चटकन चालला. प्रत्यक्षात २०,००० नावे आली आणि यंत्र जणू झोपी गेले. यंत्र जुने आहे, असे मी साहेबांना सांगून मोकळा झालो. दोष माझा होता.

जावामध्ये एकदा तयार झालेला मजकूर बदलता येत नाही. म्हणून अधिक चिन्हाने ओळ जोडली की आधीचा सारा मजकूर नव्या जागी उतरवून काढावा लागतो. पालकहो, असा कारकून डोळ्यांसमोर आणा, की जो एक नाव आले की जुना कागद टाकून सगळी यादी पुन्हा पहिल्यापासून लिहितो! नाव, गाव, शाळा मिळून ओळीला १०० अक्षरे धरा. २०० ओळींना सुमारे २० लाख अक्षरांची नक्कल होते, २०,००० ओळींना सुमारे २,००० कोटींची. नावे शंभरपट, काम दहा हजारपट. आणि हाती पडणारी यादी अवघी २० लाख अक्षरांची.

यावर उपाय भाषेबरोबर येणाऱ्या तयार सामग्रीतच, म्हणजे स्टँडर्ड लायब्ररीत, होता. २००४ च्या जावा ५ मधला स्ट्रिंगबिल्डर पुढची जागा मोकळी राखतो व ती भरली की साधारण दुप्पट घेतो, त्यामुळे नक्कल क्वचितच होते. २०१४ च्या जावा ८ मध्ये आलेले स्ट्रिंग-जॉइन आतून हाच बिल्डर वापरीत असे. २०१७ च्या जावा ९ मध्ये तेही सुधारले. आता तुकडे नुसते बाजूस ठेवावयाचे, लांबीची बेरीज करीत जावयाचे, आणि अखेरीस एकदाच नेमकी जागा घेऊन सारे उतरवावयाचे. पायथनचे जॉइनही आधी मोजते, मग जागा घेते. शिंपी माप घेतल्यावाचून कात्री लावीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आपल्या लिपीचाही येथे संबंध येतो. जावा ९ पासून इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीला दोन लागतात. हजार इंग्रजी नावांत एकच नाव देवनागरीत असले तरी जोडलेला सगळा मजकूर दोन बाइटांच्या मापाने ठेवावा लागतो. पायथनमध्येही २०१२ च्या ३.३ पासून असेच आहे. म्हणून जोडणाऱ्याला प्रत्येक तुकड्याच्या लांबीबरोबर रुंदीही पाहावी लागते.

विद्यार्थ्यांनो, दोन्ही रीती करून वेळ मोजून पाहा. मात्र जावातच करा. नेहमीच्या पायथनमध्ये २००४ च्या २.४ पासून एक सोय आहे: मजकुरावर दुसऱ्या कोणाचा हात नसेल तर अधिक चिन्हानेही तो बहुधा जागच्या जागी वाढतो. तेव्हा फरक दिसला नाही, म्हणून मला खोटे ठरवाल!