वीज वाहणारे प्लॅस्टिक

वीज वाहून नेणे हे धातूंचे काम आणि ती अडवून धरणे हे रबर, प्लॅस्टिक, चिनी माती यांचे, ही वाटणी आपल्या मनात इतकी पक्की बसलेली आहे की, प्लॅस्टिकमधूनही वीज वाहते असे कोणी म्हटले तर सांगणाऱ्याचीच शंका यावी. तथापि २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि ॲलन हीगर यांना विभागून मिळाले, ते नेमके याच शोधाबद्दल.

ही हकीकत बहुधा एका चुकीची म्हणून सांगितली जाते. १९६७ साली टोकियोमध्ये, शिराकावांच्या प्रयोगशाळेत आलेल्या एका पाहुण्या संशोधकाने ॲसिटिलीन वायूपासून पॉलिॲसिटिलीन हे बहुवारिक तयार करताना उत्प्रेरक ठरल्याच्या हजारपट घातला, आणि नेहमीच्या काळ्या भुकटीऐवजी पात्रात चांदीच्या वर्खासारखा पापुद्रा धरला. गोष्ट खरी आहे. परंतु ती येथेच संपविणारे लोक मुख्य बाब नजरेआड करतात. त्या पापुद्र्याला धातूचे तेज होते, गुण नव्हता. वीज त्यातून जेमतेमच जाई.

शिराकावांनी मात्र त्याचा पिच्छा सोडला नाही. पुढे १९७५ साली, गंधक आणि नत्र यांच्या सोनेरी बहुवारिकात गढलेले मॅकडायर्मिड टोकियोस आले असता त्यांनी तो पापुद्रा पाहिला आणि शिराकावांना अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बोलावून घेतले. तेथे पदार्थविज्ञानाची बाजू हीगर यांच्याकडे होती. २३ नोव्हेंबर १९७६ रोजी पापुद्र्यावर ब्रोमीनची वाफ सोडली, त्या क्षणी त्याची विद्युतवाहकता इतक्या वेगाने उसळली की, मापकयंत्राची पट्टी बदलण्यासही उसंत मिळाली नाही. वाढ एक कोटी पटींची होती.

याचे कारण असे की, या पदार्थाच्या लांब कार्बन-साखळीत एकेरी व दुहेरी बंध आळीपाळीने येतात, आणि दुहेरी बंधांतील काही इलेक्ट्रॉन सैल असले तरी त्यांना सरकावयास जागा नसते. ब्रोमीन अथवा आयोडीन त्यांपैकी थोडे काढून घेते. रिकाम्या जागी शेजारचा सरकतो, त्याच्या जागी पुढचा, आणि साखळीभर भाराची वहिवाट सुरू होते.

येथे एक दाखला देणे न्यायाचे होईल. अकामात्सु, इनोकुची आणि मात्सुनागा या जपानी शास्त्रज्ञांनी १९५४ सालीच पेरिलीन या सेंद्रिय पदार्थाला ब्रोमीनची जोड देऊन त्यातून वीज वाहते हे दाखविले होते. तो पदार्थ टिकाऊ नव्हता, हे खरे. तरीही पारितोषिकाच्या गाजावाजात त्यांची नावे मागे पडावीत, हे मला रुचत नाही.

याच विद्येच्या दुसऱ्या वाटेने १९८७ साली कोडॅक कंपनीच्या टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय रेणूंच्या अतिपातळ थरांतून दहा व्होल्टांहून कमी दाबावर प्रकाश काढून दाखविला, आणि आज कित्येक मोबाइलांचे पडदे त्याच तत्त्वावर उजळतात. खुद्द पॉलिॲसिटिलीन मात्र हवेतील ऑक्सिजनने लवकर खराब होत असल्यामुळे व्यवहारात फारसे रुजू झाले नाही.