नोड पडतो त्या दिवसाचं नेटवर्क

आजचा भाग नंदुरबारहून रेकॉर्ड करतोय, मध्येच पंख्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

डेटा सेंटर म्हटलं की आमच्याकडे ते लांब कुठेतरी असतं. शहादा तालुक्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 ला देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. अंगठा इथे लागतो, पण आधारची डेटा सेंटरं बंगळुरू आणि मानेसरला. मी मात्र इथल्याच एका खोलीतल्या चार सर्व्हरची गोष्ट सांगणार आहे. संस्थेचं नाव घेत नाही. चूक माझीच होती.

हायपरकन्व्हर्ज्ड क्लस्टरमध्ये स्टोरेजचं वेगळं कपाट नसतं. सर्व्हरमधल्याच डिस्क एकत्र करून सॉफ्टवेअर त्यांचा एक साठा करतं. व्हर्च्युअल मशीनने काही लिहिलं की त्याची प्रत दुसऱ्या नोडवर जाते आणि ती तिथे पोचल्याशिवाय ‘झालं’ असं उत्तर येत नाही. म्हणजे नेटवर्कची वायर हीच आता डिस्कची वायर. ती अडकली तर फाइल उघडायला उशीर होतो असं नाही, अख्खं मशीन गोठतं.

आम्ही दोन स्विच लावले होते. एक चालू, दुसरा अडीअडचणीला. स्टोरेजसाठी मोठी पाकिटं हवीत म्हणून सर्व्हरवर एमटीयू 9000 केला, पहिल्या स्विचवरही वाढवला. दुसऱ्यावर राहून गेला. सात महिने काहीच कळलं नाही, कारण सगळी वाहतूक पहिल्यातूनच होती. जूनमधल्या एका वादळात वीज गेली, पहिल्या स्विचच्या यूपीएसने मान टाकली आणि सगळं दुसऱ्यावर आलं. पिंग छान चालतंय, लॉगिन होतंय, आणि मशीनं एकेक करून थिजतायत! छोटी पाकिटं जात होती, मोठी गुपचूप गळत होती. पहाटे चारला कुणाला तरी 8972 बाइटचं, तुकडे न करता पाठवायचं पिंग सुचलं. (9000 वजा हेडरचे 28.) एकही उत्तर आलं नाही. सापडलं.

तेव्हापासून मी डिझाइन करताना पहिला प्रश्न विचारतो: नोड पडला तर काय? पडलेल्या नोडवर 20 टीबी डेटा असेल तर उरलेल्यांना तेवढ्या प्रती नव्याने करायच्या असतात. सगळं एकाच वायरीतून गेलं असं धरा. प्रत्यक्षात ते वाटलं जातं, पण अंदाजाला पुरे. 1 गिगच्या वायरीवर 44 तास, 10 गिगवर साडेचार, 25 गिगवर पावणेदोन. त्या वेळात दुसरा नोड गेला आणि प्रती दोनच असल्या, तर काही डेटा कायमचा गेला. म्हणून नव्या कामात मी 25 गिगच्या खाली जात नाही.

मोठ्या ठिकाणी लीफ-स्पाइन येतं. कल्पना जुनी आहे. बेल लॅब्सच्या चार्ल्स क्लॉस यांनी 1953 मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी ती मांडली. प्रत्येक लीफ प्रत्येक स्पाइनला जोडलेला, त्यामुळे कुठल्याही रॅकमधून दुसऱ्या कुठल्याही रॅकचं अंतर सारखंच. इथे फसगत होते ती गुणोत्तरात. 25 गिगचे 48 पोर्ट म्हणजे 1200 गिग खाली, आणि 100 गिगच्या 6 वायरी म्हणजे 600 वर. दोनास एक. आमच्याकडे मिरचीच्या हंगामात बाजार समितीच्या फाटकावर जे होतं तेच. एरवी फाटक पुरतं, पण सगळ्या गाड्या एकदम आल्या की रांग रस्त्यावर. प्रती वेगवेगळ्या रॅकमध्ये ठेवल्या असतील तर नोड पडल्यावर सगळ्या गाड्या एकदमच निघतात.

चार-सहा नोडसाठी मात्र स्पाइन घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. दोन चांगले स्विच घ्या, प्रत्येक सर्व्हरमधून दोन्हीकडे एकेक वायर न्या, आणि दोन्ही वायरी रोज वापरात राहतील अशी जुळणी करा. राखीव म्हणून ठेवलेली वायर बिघडलेली आहे हे ती लागेपर्यंत कळत नाही. आणि दोन यूपीएस, त्यांच्या बॅटऱ्या तपासून.

आता काम सोपवण्याआधी मी ग्राहकासमोर स्वतः एका स्विचची वीज काढतो. समोरचा माणूस दचकतो. काही जण म्हणतात, ‘साहेब, चालू गाडीत हात कशाला घालता?’ मी म्हणतो, दहा मिनिटं चहा घेऊ, तोवर बघू काय होतं.