‘स्वप्न’ : शब्द आणि क्रियापद



‘स्वप्न’ म्हणजे मुळात झोप, हे ऐकून अनेकांना नवल वाटेल. ‘स्वप्’ म्हणजे निजणे. या धातूला पाणिनीने ‘नन्’ प्रत्यय सांगितला आणि ‘स्वप्न’ शब्द सिद्ध झाला. गीतेच्या ६ व्या अध्यायात युक्त आहारविहाराच्या जोडीने येणारा ‘स्वप्न’ शब्द निद्रेचाच वाचक आहे. निद्रा आणि निद्रेत दिसणारे, दोहोंना संस्कृतात हा एकच शब्द. मांडूक्योपनिषदाने स्वप्न व सुषुप्ती या अवस्था निराळ्या मानल्या खऱ्या. पण ‘सुषुप्ती’ही त्याच धातूची लेक!

ग्रीकांचा निद्रादेव ‘हिप्नॉस’ आणि लॅटिनमधील निद्रावाचक ‘सोम्नुस’ ही याच कुळातली भावंडे. फारसी ‘ख्वाब’ही तिथलाच. तेव्हा वारासिवनीच्या बाजारात कानी पडणारे ‘सपना’ आणि ‘ख्वाब’ हे परके शेजारी नव्हेत, दूरचे भाऊबंद आहेत.

प्राकृतात ‘सिविण’, ‘सुविण’ अशी रूपे झाली. मराठी लेखणीने पुढे संस्कृत रूप जवळ केले; खेड्यापाड्यांच्या तोंडी ‘सपन’, ‘सपान’ राहिले. त्यांना ग्राम्य ठरवणे हा अन्यायच होय.

तथापि शब्दाहून त्याचे क्रियापद अधिक बोलके आहे. मराठीत स्वप्न ‘पडते’. जसा पाऊस पडतो, प्रश्न पडतो, विसर पडतो. ‘मला स्वप्न पडले’ या वाक्यात माणूस कर्ता नाही. तोच माणूस मुलाच्या शिक्षणाचे स्वप्न ‘पाहतो’, तेव्हा तो कर्ता होतो. झोपेतले पडते, जागेपणीचे पाहिले जाते. केवढा सूक्ष्म विवेक हा! हिंदीत ‘सपना आना’ आहे, पण ‘सपना देखना’ दोन्हीकडे चालते.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. शाळेत, कचेरीत, दुकानात हिंदी. मराठी उरली घरात आणि ग्रंथालयाच्या कपाटांत. मग मराठी घरातले मूलही ‘रात्री मी स्वप्न पाहिले’ असे म्हणू लागते. शब्द मराठी, व्याकरणही निर्दोष. गेले ते फक्त ‘पडणे’. ही हानी कोशात नोंदली जात नाही, कारण कोशात शब्द जागच्या जागी असतो.

‘सपना’ पुल्लिंगी म्हणून एखादे मूल ‘चांगला स्वप्न’ म्हणते, तेव्हा तो दोष आजीच्या कानाला तत्काळ खटकतो व ती तो सुधारते. ‘स्वप्न पाहिले’ मात्र कोणी सुधारत नाही.