आगोटीची बेगमी एकत्र का करू नये?

(महाबळेश्वर येथे नगरसेवक व सरपंच यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या मंदिरात आपण सर्वांनी तीर्थ घेतले असेल. तेथे उगम पावणारी सावित्री कोकणात उतरते. वेण्णा मात्र संगम माहुलीला कृष्णेस मिळते, कोयना कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर. या पवित्र स्थानी मी ज्या विषयावर बोलणार आहे तो अत्यंत रुक्ष आहे, याची मला जाणीव आहे. तो विषय आहे तुरटी, जंतुनाशक पावडर, पथदिव्यांचे बल्ब, मैला उपसणारी गाडी आणि निविदांचे कागद. परंतु स्थानिक स्वराज्य संस्थांचे स्वराज्य बव्हंशी याच वस्तूंत अडकलेले असते.

प्रथम आपल्या डोंगराचे पाहू. महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन गिरिस्थान नगरपालिकांमध्ये अंतर जेमतेम वीस किलोमीटरचे. २०११च्या जनगणनेत दोहोंची कायम वस्ती प्रत्येकी पंधरा हजारांच्या आत होती. हंगामात मात्र पर्यटकांचा भार त्याच्या कितीतरी पट. साताऱ्याचे छत्रपती शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधविला. त्याच तलावाचे पाणी जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून दोन्ही गावांना पोहोचते. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने हा सारा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला, तेव्हा अधिसूचनेच्या शीर्षकातच महाबळेश्वर-पाचगणी असे एकत्र नाव आले. निसर्गाने आणि दिल्लीने ज्यांना एक मानले, त्यांच्या खरेदीच्या फायली मात्र स्वतंत्र, प्रवासी कराचे नाके वर्षानुवर्षे स्वतंत्र. छोट्या नगरपालिकांत एकाच मुख्याधिकाऱ्याकडे शेजारच्या गावाचा अतिरिक्त कार्यभार असणे नवीन नाही. म्हणजे अधिकारी सामायिक चालतो, तुरटी चालत नाही!

मी स्वतः काही काळ एका छोट्या नगरपालिकेच्या खरेदीचे काम पाहिले आहे. तिचे नाव घेण्याचे कारण नाही. मे महिन्याच्या अखेरीस आमची तुरटी संपत आली. तातडीची खरेदी म्हणून पुरवठादाराने सांगितलेला दर आम्ही मान्य केला. पुढे चहाच्या गप्पांत समजले की, शेजारच्या नगरपालिकेने त्याच आठवड्यात, त्याच पुरवठादाराकडून, तोच माल आमच्याहून स्वस्त घेतला होता. त्यांनी तीन महिने आधी मागणी नोंदविली होती, एवढाच फरक. कोणी लबाडी केली नव्हती. आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो.

चिपळूणच्या छावणीतील अधिकाऱ्यांना शिवछत्रपतींनी पाठविलेले पत्र आपणांस ठाऊक आहे. दाणा-वैरण आताच बेहिशेबी उडवाल तर पावसाळ्यात ती मिळणार नाही, मग घोडी मरतील आणि लष्कर रयतेस उपद्रव देऊ लागेल, हा त्या पत्राचा आशय. आपण तो शौर्याच्या कथांइतक्या आवडीने सांगत नाही, पण साठा-व्यवस्थापनाचा त्याहून नेमका पाठ मला दुसरीकडे आढळलेला नाही. आगोटीपूर्वी बेगमी करण्याची बुद्धी या मातीत आहे.

एकत्र खरेदीची बुद्धीही आहे. सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याने तालुका खरेदी-विक्री संघ काढून खते आणि बियाणे एकत्र आणली, साखर कारखाने उभे केले. आश्चर्य असे की, तोच शेतकरी सरपंच अथवा नगरसेवक झाला की सहकार विसरतो. इंग्लंडात यॉर्कशायर परगण्यातील स्थानिक संस्थांनी १९७४ मध्ये आपली सामायिक खरेदीसंस्था स्थापन केली. तेरा संस्था तिच्या मालक आहेत आणि शाळेच्या वह्यांपासून फर्निचरपर्यंत माल ती पुरविते. आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१४ च्या प्रारंभी एलईडी बल्बचा सरकारी खरेदीदर सुमारे ३१० रुपये होता. केंद्राच्या ईईएसएल कंपनीने देशभराची मागणी एकत्र करून निविदा काढल्या आणि २०१६ मध्ये तो दर ३८ रुपयांवर आला. तंत्रज्ञान स्वस्त होत होते हे खरे, परंतु घाऊक मागणीचा वाटा त्यात मोठा होता.

कायदा आड येतो का? येत नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमातही समान हिताच्या कामांसाठी संयुक्त समिती नेमण्याची वाट ठेवलेली आहे. तरीही अडते कोठे, हे प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे.

पहिली भीती विलीनीकरणाची. ९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. आपली उपेक्षा होते ही कुपवाडकरांची तक्रार त्यानंतर वर्षानुवर्षे ऐकू येत राहिली. लहान गावाची ही धास्ती खोटी नाही. म्हणूनच मी विलीनीकरण सुचवीत नाही. सभागृह ज्याचे त्याचे, अंदाजपत्रक ज्याचे त्याचे. केवळ मागणीपत्रक एक असावे.

दुसरी अडचण पैशाची, आणि ती खरी अवघड आहे. प्रादेशिक नळ पाणीपुरवठा योजनांची गत आपण पाहिली आहे. काही गावे पाणीपट्टी भरतात, काही थकवितात, वीजबिल तुंबते, जोडणी तुटते आणि ज्यांनी नियमाने भरले त्यांच्या नळालाही पाणी येत नाही. असा अनुभव घेतलेला सरपंच पुन्हा सामायिक कामात पडण्यास कचरतो, त्यात नवल नाही. याला उपदेशाचा उपयोग नाही. दर एकत्रित ठरवावा, परंतु पुरवठ्याचा आदेश, देयक आणि जबाबदारी प्रत्येक संस्थेची स्वतंत्र असावी. शेजाऱ्याने पैसे थकविले तर त्याचा माल थांबेल, आपला नाही. गाडीसारखी सामायिक मालकीची वस्तू असेल तर वर्षाचा देखभाल-खर्च आगाऊ जमा केल्याशिवाय तिची खरेदीच करू नये.

तिसरी गोष्ट गावातील व्यापाऱ्याची. झाडू, खराटे, कागद या किरकोळ वस्तू गावातच घ्याव्यात. दुकानदार आपलाच बांधव आहे आणि त्यातली बचत नगण्य आहे. जंतुनाशके, तुरटी, पंपांचे सुटे भाग, अग्निशामक आणि मैला उपसण्याची वाहने मात्र येथे कोणी बनवीत नाही. ती बाहेरूनच येतात.

आणखी एक कारण आहे, ते व्यासपीठावरून बोलले जात नाही. विखुरलेल्या छोट्या खरेदीत टक्केवारी सुखाने नांदते. दोन गावांचे दर एका कागदावर शेजारी-शेजारी छापले गेले की तिची कुचंबणा होते. यावर मी अधिक बोलत नाही. सभेतील स्मिते पुरेशी आहेत.

दीर्घ प्रशासकीय राजवटीनंतर डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या आणि आपल्यापैकी अनेकांनी प्रथमच सभागृहात पाऊल ठेवले. भिलार, मेटगुताड, क्षेत्र महाबळेश्वर येथील ग्रामपंचायतींनाही या कामात आरंभापासून बोलवावे. पर्यटकांचा कचरा आणि मैला नगरपालिकेची हद्द पाहून थांबत नाही. बाहेरच्या मेजावर एक कोरा तक्ता ठेवला आहे. गतवर्षी आपण पाच वस्तू किती घेतल्या, कोणत्या महिन्यात घेतल्या आणि काय दराने घेतल्या, एवढेच त्यात भरावयाचे आहे. आपल्या लेखापालाकडून ही माहिती घेऊन पंधरा दिवसांत तो परत करावा. पाचांत पहिली वस्तू मी तुरटी लिहिली आहे, त्याचे कारण आपणांस आता ठाऊक आहे.