जिवाणूची शिस्त आणि विषमज्वर



२०२३ साली निर्माण झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील पांढुर्णा व सौंसर या दोन्ही तहसिली संत्र्यांसाठी प्रसिद्ध आहेत. तेथील जाणता बागाईतदार पेट्यांची व गाडीची तजवीज झाल्याखेरीज संत्र्यांचा तोडा सुरू करीत नाही. डोळ्यांस न दिसणारा जिवाणूही असाच नियम पाळतो.

विषमज्वर, म्हणजे मुदतीचा ताप, साल्मोनेला वर्गातील जिवाणूमुळे होतो व दूषित पाण्यातून आणि अन्नातून पसरतो. पोहण्यासाठी या जिवाणूच्या अंगावर लांब, बारीक कशाभिका असतात. एका कशाभिकेच्या तंतूत एकाच प्रथिनाचे सुमारे २०,००० रेणू लागतात. एवढा खर्च अवेळी करणे जिवाणूस परवडणारे नाही.

म्हणून प्रथम प्रमुख जनुके कामास लागतात. पेशीच्या आवरणात कशाभिकेचा पाया व त्यावर वाकडी कडी रचली जाते. तोवर तंतूची जनुके बंद असतात; कारण त्यांना जागे करणाऱ्या सिग्मा-२८ या प्रथिनास एफएलजीएम नावाचे दुसरे प्रथिन धरून ठेवते. कडी ठरावीक लांबीची झाली, की पायातील निर्यातद्वार आपली निवड बदलते आणि एफएलजीएम पोकळ नळीतून पेशीबाहेर पडते. अटकाव दूर होतो व तंतूचे प्रथिन तयार होऊ लागते. तेही त्याच नळीतून जाऊन टोकाशी जडते; म्हणून तंतू केसाप्रमाणे मुळाशी न वाढता शेंड्याशी वाढतो. एफएलजीएमच्या या निर्गमनाचा शोध केली ह्यूज व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला.

या ज्ञानाचा संबंध गावाशीही आहे. रुग्णाच्या रक्ताच्या विडाल तपासणीतील ‘एच’ हा घटक म्हणजे याच कशाभिकेचे प्रथिन. शरीराने त्याविरुद्ध निर्माण केलेली प्रतिपिंडे या तपासणीत दिसतात. परंतु ती पूर्वीच्या आजारामुळेही असू शकतात. म्हणून केवळ एका तपासणीवरून निदान पक्के होत नाही. औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे आणि ताप उतरला तरी ते अर्ध्यावर सोडू नये.

शिक्षकांनी ही माहिती विद्यार्थ्यांना द्यावी, ग्रामपंचायतींनी विहिरींचे पाणी वेळोवेळी निर्जंतुक करून घ्यावे आणि घरोघरी पाणी उकळून प्यावे. जिवाणूचा कारभार कितीही शिस्तीचा असला, तरी उकळत्या पाण्यात त्याचा निभाव लागत नाही.