युवराज संभाजीराजे

अणदूरशेजारचा नळदुर्ग ज्या आदिलशाहीचा, तिच्याच मुलखात संभाजीराजांच्या मनाने मोठा कौल दिला.

1674 मध्ये रायगडावर वडील शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि संभाजीराजे युवराज झाले. ते दोन वर्षांचे असतानाच आई सईबाई गेलेल्या. दरबारात मंत्र्यांशी खटके, घरात वारशाचा पेच. डिसेंबर 1678 मध्ये ते मोगल सरदार दिलेरखानाला मिळाले. स्वराज्याचा भूपाळगड पडल्यावर खानाने सातशे कैद्यांचा एकेक हात तोडला. पुढे आदिलशाहीतल्या तिकोटा, अथणीची लूट त्यांनी पाहिली आणि 1679 अखेर ते पन्हाळ्यावर परतले.

युवराजपदाचा असाच पेच दूर चीनमध्येही दिसतो. संभाजीराजे युवराज झाले त्याच 1674 साली तिथे सम्राट कांगशीचा मुलगा यिनरेंग जन्मला. आई बाळंतपणातच गेली. बापाने त्याला दोनदा युवराजपदावरून उतरवले, 1708 आणि 1712 मध्ये. तो नजरकैदेतच वारला.

इकडे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर, एप्रिल 1680 मध्ये, मंत्र्यांनी संभाजीराजांचे सावत्र भाऊ राजाराम यांना गादीवर बसवले. तेव्हा राजारामांच्या आई सोयराबाईंचे सख्खे भाऊ, सरनोबत हंबीरराव मोहिते संभाजीराजांच्या बाजूला उभे राहिले. माझ्या मते हाच निर्णायक क्षण. दिलेरखानाकडे जाणे ही चूकच. पण तेवढ्यावरून या राजाला तोलणे अन्यायाचे. 16 जानेवारी 1681 रोजी रायगडावर त्यांचा राज्याभिषेक झाला.