मोठा कॅमेरा आणि खिशातला कॅमेरा



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही उचलीवर, तोडणीच्या दरावर किंवा मुकादमाच्या हिशेबावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयांवर आम्ही वर्षभर बोलतच असतो, आणि आपणही ते ऐकतच असता. आज आम्ही एका यंत्राविषयी बोलणार आहोत. धंदेवाईक छायाचित्रकाराने वापरून बाजूला ठेवलेला जुना मोठा डीएसएलआर कॅमेरा घ्यावा, की खिशात मावणारा लहान डिजिटल कॅमेरा घ्यावा, हा आजचा विषय. कामगार संघटनेच्या माणसाला ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ज्याच्या कष्टाची नोंद दुसऱ्याच्या वहीत होते आणि ज्याच्या अपघाताची नोंद पुष्कळदा कोठेच होत नाही, त्याला स्वतःच्या पुराव्याचे साधन हवे. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिका वाचून आणि दुरुस्ती करणाऱ्यांच्या शेजारी बसून जे कळले, तेवढेच आम्ही सांगणार आहोत.

आपल्या शिरूरच्या नावातच कासार आहे. कासार बांगडी दाखवण्यापूर्वी काय करतो? तो हात पाहतो. बांगडी कितीही नक्षीची असो, हाताला बसली नाही तर ती फुटते, नाहीतर हात तरी सोलते. कॅमेऱ्याच्या दुकानात मात्र आपण उलटे करतो. कोणत्या हातासाठी आणि कोणत्या वेळेसाठी तो हवा आहे, याचा विचार न करता आपण आधी किंमत आणि मेगापिक्सेल विचारतो.

मोघम बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून दोन प्रत्यक्ष यंत्रे घेऊ. पहिले, कॅनन कंपनीचा २००५ साली आलेला ‘५ डी’. त्या काळी लग्नाचे आणि वर्तमानपत्राचे फोटो काढणारे पुष्कळ लोक तो वापरीत. दुसरे, सोनी कंपनीचा २०१२ साली आलेला ‘आरएक्स १००’. पहिल्याचे नुसते अंग ८१० ग्रॅम. बॅटरी आणि झूमचे मोठे भिंग लावले की दीड किलोच्या घरात जाते. दुसरा बॅटरी आणि कार्डासकट २४० ग्रॅम, म्हणजे पावशेरीच. पहिला गळ्यात घालून माणूस चालला की साऱ्या गल्लीला कळते. दुसरा सदऱ्याच्या खिशात असला तर शेजाऱ्यालाही कळत नाही.

आता दोघांच्या पोटात काय आहे ते पाहू. डीएसएलआरमध्ये भिंगाच्या मागे एक तिरका आरसा असतो. भिंगातून आलेले चित्र त्या आरशावरून वर जाऊन आपल्या डोळ्यास दिसते. कळ दाबली की आरसा वर उचलला जातो, पडदा उघडतो आणि उजेड मागच्या सेन्सरवर पडतो. खिशातल्या कॅमेऱ्यात आरसा नाही. सेन्सरवर पडलेले चित्रच मागच्या काचेवर दाखवले जाते. पण खरा भेद आरशाचा नव्हे, सेन्सरच्या आकाराचा आहे. ‘५ डी’चा सेन्सर सुमारे ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण ८५५ चौरस मिलिमीटर. ‘आरएक्स १००’चा सेन्सर १३.२ बाय ८.८, म्हणजे ११६ चौरस मिलिमीटर. एकाच्या जागेत दुसरे सात मावतात. आणि हा ‘आरएक्स १००’ लहानांमध्ये थोराड आहे बरे! सर्वसाधारण स्वस्त खिशातल्या कॅमेऱ्याचा सेन्सर २८ चौरस मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे मोठ्याच्या तिसाव्या हिश्शाइतका असतो.

पाऊस पडत असताना अंगणात एक परात ठेवा आणि एक वाटी ठेवा. मुसळधार पावसात दोन्ही भरतील. भुरभुर असेल तर परातीत घोटभर पाणी साचेल आणि वाटीचा तळ नुसता ओला होईल. उजेडाचेही तसेच आहे. शिवाय वाटणीचा प्रश्न आहेच. मोठ्याच्या सेन्सरचे १ कोटी २८ लाख ठिपके आहेत, लहानाचे २ कोटी २ लाख. म्हणजे लहान भाकरीचे तुकडे जास्त केले. हिशेब केला तर एका ठिपक्याच्या वाट्याला मोठ्यात लहानापेक्षा साडेअकरा पट जागा येते. दुकानदार २० हा आकडा १२ पेक्षा मोठा म्हणून सांगतो. तुकडे मोजतो, भाकरी दाखवीत नाही.

येथे न्यायाने बोलले पाहिजे. लहान यंत्र सात वर्षांनी धाकटे आहे आणि त्याचा सेन्सर मिळालेला उजेड अधिक काटकसरीने वापरतो. त्यामुळे सातपटीचा फरक प्रत्यक्ष चित्रात सातपटीचा राहत नाही. दुपारच्या उन्हात काढलेले दोन फोटो शेजारी ठेवले, तर आपणांपैकी बहुतेकांना कोणता कोणाचा हे सांगता येणार नाही. तेव्हा भर दुपारी मोठ्या कॅमेऱ्याचे ओझे वाहण्यात शहाणपण नाही.

पण आमच्या माणसांचे दिवस भर दुपारीच घडतात काय? या सभेत अशी कितीतरी घरे बसली आहेत, जी दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेली आणि नुकतीच परतली. त्यांनाच विचारा. फडात उतरावयाचे ते तांबडे फुटण्यापूर्वी. गाडी भरावयाची ती वाहन येईल तेव्हा, मग रात्रीचे अकरा वाजोत की दोन. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढणारा माणूस पाय घसरून पडतो तो अंधारात. ट्रॉली कलंडते तीही बहुधा अंधारात. म्हणजे ज्या घटकेला पुराव्याची सर्वांत जास्त गरज, त्याच घटकेला लहान यंत्र सर्वांत दुबळे. एका अपघातानंतर आमच्याकडे आलेला फोटो आम्हांस आठवतो. लहान कॅमेऱ्याने फ्लॅश मारला होता. समोरचा ऊस चुन्यासारखा पांढरा, गाडीच्या नंबराच्या पाटीवर नुसती चकाकी आणि पाठीमागे काळाकुट्ट अंधार. जखमी माणूस कोठे पडला, गाडी कोठे उभी होती, काही म्हणता काही दिसत नव्हते. नुकसानभरपाईचा अर्ज त्यामुळे किती महिने रेंगाळला हे त्या घराला ठाऊक आहे. मोठ्या कॅमेऱ्याला उघड्या तोंडाचे साधे ५० मिलिमीटरचे भिंग लावले असते, तर ट्रॅक्टरच्या दिव्याच्या उजेडातही पुष्कळ उमटले असते.

यावरून मोठाच घ्या असा निकाल आम्ही देऊ असे वाटले असेल, तर थांबा. मूर्ती लहान म्हणून तिला कमी लेखू नये. त्या रात्री मोठा कॅमेरा तेथे होता कोठे? तो तालुक्याच्या गावी कोणाच्या तरी कपाटात होता. जे यंत्र जागेवर नाही, त्याच्या सेन्सरचे क्षेत्रफळ शून्य समजावे.

लहानाच्या बाजूने आणखी पुष्कळ सांगता येईल. ‘५ डी’ला चलचित्र घेताच येत नाही, ‘आरएक्स १००’ आवाजासकट घेतो. वजनकाट्यावर कोण काय बोलले, हिशेबाच्या वेळी कोणता आकडा तोंडी सांगितला, हे मुक्या फोटोत येत नाही. मोठ्याच्या आरशाचा खटका ऐकू येतो आणि माणसे आखडतात. लहान जवळजवळ मुकाट काम करतो. मोठ्याला जुन्या पद्धतीचे कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड लागते, ते आता तालुक्याच्या दुकानात सहजी मिळत नाही. बॅटरीत मात्र तराजू दोन्हीकडे झुकतो. एका भरणात मोठा सुमारे ८०० फोटो काढतो, लहान सुमारे ३३०. पण लहान मोबाइलसारखा तारेने भरता येतो, आणि मोठ्याच्या बॅटरीला वेगळा चार्जर आणि भिंतीतली वीज लागते. कोपीत भिंतच नाही, तेथे वीज कोठून असणार? उन्हाचा भाग निराळा. वैशाखात आमच्याकडच्या उन्हात लहानाच्या मागची काच डोळ्यांस दिसत नाही. मोठ्याला डोळा लावण्याची खिडकी आहे. आणि धूळ! लहानाचे भिंग नळीसारखे आतबाहेर सरकते; त्यात पाचटाची धूळ गेली की नळी अडकते आणि सारे यंत्रच निकामी होते. मोठ्याचे बिघडलेले भिंग काढून दुसरे लावता येते.

जुना मोठा कॅमेरा घेणाऱ्या तरुणांस एक सूचना. ‘५ डी’चा पडदा सुमारे १ लाख वेळा उघडझाप करील या अंदाजाने बनवलेला आहे. जुना बैल घेताना आपण दात पाहतो. तसा जुना कॅमेरा घेताना पडदा किती वेळा उघडला हे विचारावे. जुन्या यंत्रांचे सुटे भाग दरवर्षी दुर्मिळ होत जाणार, हेही ध्यानात ठेवावे. कर्ज काढून लग्नाच्या फोटोंचा धंदा मांडणाऱ्याने तर हा हिशेब आधी करावा.

मोठा आणि लहान हा झगडा नवा नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा कॅमेरा म्हणजे तिवईवरची पेटी होती आणि ती डॉ. नारायण दाजींसारख्या थोडक्या सुशिक्षितांच्या हाती होती. १९०० साली अमेरिकेत कोडॅक कंपनीने एका डॉलरला ‘ब्राउनी’ नावाचा लहान कॅमेरा विकावयास काढला आणि फोटो सामान्यांच्या घरात गेला. त्याच देशात १९०८ पासून लुईस हाईन नावाचा शिक्षक आपली अवजड पेटी घेऊन गिरण्यांत आणि खाणींत हिंडला आणि तेथे राबणाऱ्या मुलांचे फोटो काढले. बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला त्या फोटोंचे मोठे बळ मिळाले. घरोघरी ब्राउनी होताच. पण त्यात बहुतेक वाढदिवस आणि सहली साठल्या. आपल्याकडे सुधारक ओलवे यांनी मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले. गटारात उतरणारा माणूस त्यांनी शहराला दाखवला. या दोघांच्या कामावरून आम्ही एवढेच शिकलो की, यंत्र चित्र काढते, विषय निवडीत नाही. विषय निवडणारा माणूस चिकाटीचा असावा लागतो, आणि ज्याचे चित्र काढावयाचे त्याची संमती घेणारा असावा लागतो. कोपीतल्या आयाबहिणींचा फोटो त्यांना न विचारता काढणे हा पुरावा नव्हे, आगळीक आहे.

कोणी म्हणेल, आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, हा वाद कालबाह्य झाला. काही अंशी खरे आहे. २०१० साली जगात डिजिटल कॅमेरे १२ कोटींहून अधिक निघाले. २०२३ साली ती संख्या ८० लाखांच्याही आत आली. लहान कॅमेऱ्याची जागा मोबाइलने घेतली. पण मोबाइलचा सेन्सरही वाटीच आहे. तो अनेक चित्रे एकावर एक रचून अंधाराची उणीव भरून काढतो, आणि हालणारा माणूस त्या रचनेत पुसट होऊ शकतो. परात आणि वाटीचा नियम मोबाइलने मोडलेला नाही.

पुराव्याविषयी दोन शब्द. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल फोटो न्यायालयात दाखल करताना ठरावीक नमुन्यातले प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि फोटो कोणत्या यंत्रातून आला हे त्यात सांगावे लागते. म्हणून तीन गोष्टी पाळा. कॅमेऱ्यातले घड्याळ आणि तारीख बरोबर लावा. मूळ फोटो कार्डावरून पुसू नका. आणि फोटो उजळ दिसावा म्हणून मूळ प्रतीवर रंगरंगोटी करू नका. मोठा असो की लहान, चुकीच्या तारखेचा फोटो विरुद्ध पक्षाच्या वकिलाच्या हाती आयते कोलीत देतो.

तेव्हा आमची मागणी एका कॅमेऱ्याची नाही, दोघांची आहे. आणि दोघांची मालकी निरनिराळी असावी. लहान यंत्र, मग ते खिशातला कॅमेरा असो की मोबाइल, टोळीतल्या माणसाच्या स्वतःच्या हाती असावे. टोळीत किमान एका बाईला आणि एका पुरुषाला ते नीट चालवता यावे. मोठे यंत्र मात्र सामायिक असावे. अशा कॅमेऱ्यांना आता फारसे गिऱ्हाईक उरलेले नाही. गावाने वर्गणी काढून असा एक घ्यावा, उघड्या तोंडाचे एक भिंग घ्यावे, आणि वाचनालयाच्या कपाटात पुस्तकांसारखे नोंदवहीवर ठेवावे. उन्हाळ्यात, माणसे गावात असताना, दहा तरुण-तरुणींनी तो शिकून घ्यावा. दसऱ्यानंतर टोळ्या निघतील तेव्हा तो त्यांच्याबरोबर जावा, आणि पहाटे फडात राबणाऱ्या माणसांचे चेहरे असे उमटावेत की त्यांच्या नातवंडांना आपली आजी ओळखता यावी. तेही पुराव्याइतकेच मोलाचे आहे. आज आमच्या कितीतरी घरांत आजीचा एकुलता एक फोटो म्हणजे ओळखपत्रावरचा शिक्क्याएवढा चौकोन.

ही वर्गणी काढण्यास मोठ्या रकमेची गरज नाही. आजच्या सभेत बसलेल्यांनी प्रत्येकी थोडा हात सैल सोडला तरी पुरे. चालकांपाशी वही आहे.